घोड्यांच्या शर्यतीत ट्रेडिंग: पहिल्या तीन महिन्यांत बँक कशी राखायची

इंग्लंडमध्ये आल्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांची बेटफेअर एक्स्चेंजशी, म्हणजे जिथे लोक एकमेकांविरुद्ध पैज लावतात त्या ऑनलाइन बाजाराशी, ओळख एखाद्या शनिवारी दुपारी होते. टीव्हीवर शर्यती लागलेल्या असतात, ऑफिसातला कुणीतरी मोबाइलवर आकडे हलताना दाखवतो, आणि शेअर बाजार थोडाफार पाहिलेल्या माणसाला वाटतं, हे तर आपल्याला जमण्यासारखं आहे. मलाही तसंच वाटलं. पहिल्या चार महिन्यांत माझं खातं दोनदा रिकामं झालं. नंतर वही काढून बसलो तेव्हा दिसलं की दहातले सहा सौदे फायद्यात होते. पैसे गेले ते उरलेल्या चारांत, आणि त्यांतही बहुतेक एकेका सौद्यात. म्हणून घोडा कसा ओळखायचा हे इथे सापडणार नाही. तोटा लहान कसा ठेवायचा, एवढंच सांगणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे सगळं ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. तिथे एक्स्चेंजला गॅम्बलिंग कमिशनचा, म्हणजे जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, परवाना असतो आणि जिंकलेल्या पैशावर खेळणाऱ्याला कर नसतो. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. टेलिग्रामवर ‘आयडी’ देणाऱ्या एजंटाकडून खातं घेऊन हा लेख वापरू नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला दार नाही. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर टोट (सगळ्यांच्या पैशांची सामायिक पैज) आणि बुकी आहेत, पण तिथे आपण फक्त लावू शकतो. खायचं काम बुकीचं. ट्रेडिंगला दोन्ही हात लागतात.

ते दोन हात म्हणजे बॅक आणि ले. जुन्या बोलीत लगाई आणि खाई. घोडा जिंकेल म्हणून लावलं की बॅक, जिंकणार नाही म्हणून समोरच्याची पैज घेतली की ले. भाव ३.५० म्हणजे घोडा जिंकल्यावर एका पौंडाचे, मूळ पौंड धरून, साडेतीन पौंड. ३.५० ला बॅक केलं आणि भाव ३.४० झाल्यावर थोड्या जास्त रकमेचं ले केलं, तर घोडा पहिला येवो नाहीतर शेवटचा, थोडा नफा हातात राहतो. दोन्ही बाजूंना तो सारखा वाटून घेणं म्हणजे ग्रीन-अप. भाव उलटा गेला तर त्याच पद्धतीने तोटा सगळ्या घोड्यांवर सारखा वाटून बाहेर पडायचं. नवख्या माणसाने शर्यत सुटण्याआधीच्या शेवटच्या दहा मिनिटांतच काम करावं, कारण बराचसा पैसा बाजारात तेव्हाच येतो. घोडे सुटायच्या आत हात मोकळे झालेले असावेत.

पहिली पायरी: बँक वेगळी काढा

बँक म्हणजे फक्त या कामासाठी बाजूला ठेवलेली रक्कम. घरभाडं, मुलांची फी, गावी पाठवायचे पैसे, क्रेडिटवर घेतलेली उधारी, यातलं काहीही बँक नव्हे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगाराच्या खात्यात पैसे भरताच येत नाहीत, ते बरंच झालं. पण पर्सनल लोन काढून डेबिट कार्डाने भरणारे मी पाहिले आहेत. माझी कसोटी साधी आहे: ही सगळी रक्कम उद्या गेली तर घरात कुणाला सांगावं लागेल का? लागणार असेल तर रक्कम मोठी आहे, निम्मी करा.

पुढचे हिशेब मी ५०० पौंडांची बँक धरून करतो. तुमची १०० असेल तर सगळ्या आकड्यांना पाचाने भागा. एक-दोन पौंडांचे सौदेही एक्स्चेंज घेतं, त्यामुळे शिकायला मोठी रक्कम लागत नाही. पैसे एकदाच भरा, आणि बँक संपली तर त्या महिन्यात पुन्हा भरू नका. खात्याच्या सेटिंगमध्ये डिपॉझिटची मर्यादा लावता येते. ती पहिल्याच दिवशी, डोकं शांत असताना लावा.

दुसरी पायरी: एक टिक किती पेन्सची, हे पाठ करा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक ती वगळतात.

एक्स्चेंजवर भाव पायऱ्यापायऱ्यांनी हलतो. त्या पायरीला टिक म्हणतात, आणि सगळ्या टिका सारख्या उंचीच्या नसतात. २ पर्यंत टिक ०.०१ ची, २ ते ३ मध्ये ०.०२ ची, ३ ते ४ मध्ये ०.०५ ची, ४ ते ६ मध्ये ०.१ ची, ६ ते १० मध्ये ०.२ ची, १० ते २० मध्ये ०.५ ची. लॅडरवर, म्हणजे पडद्यावरच्या भावांच्या उभ्या यादीत, सगळ्या पायऱ्या सारख्याच अंतरावर दिसतात, म्हणून डोळा फसतो.

३.५० ला १०० पौंड बॅक केले आणि ३.४५ ला ग्रीन-अप केलं, तर १.४५ पौंड सुटतात. भाव उलटा ३.५५ ला गेला आणि बाहेर पडलो, तर १.४१ पौंड जातात. जवळपास बरोबरी. आता हेच ४.० ला करून पाहा. एक टिक खाली म्हणजे ३.९५, नफा १.२७. एक टिक वर म्हणजे ४.१, तोटा २.४४. एक टिक आपल्या बाजूने आणि एक टिक विरुद्ध, पण तोटा जवळपास दुप्पट. १० ला तर आणखी वाईट: ९.८ ला २.०४ मिळतात, १०.५ ला ४.७६ जातात. २, ३, ४, ६ आणि १० हे असे सांधे आहेत. सांध्यावर बॅक करून शिरायचं असेल तर तोटा टिकांत मोजू नका, पेन्समध्ये मोजा. बाजारातल्या जुन्या मंडळींना हे माहीत असतं, म्हणून अशा भावांवर ऑर्डरींचा ढीग साचलेला दिसतो.

ले करताना आणखी एक आकडा बघावा लागतो, लायबिलिटीचा. ११ च्या भावाला २० पौंड ले केले, तर घोडा जिंकल्यावर आपल्याला २०० द्यावे लागतात. स्टेकच्या, म्हणजे लावलेल्या रकमेच्या, चौकटीत २० दिसतो आणि मन त्या २० वरच विसावतं. पहिले तीन महिने ६ च्या वरच्या भावाला हात लावू नका, ना बॅकला ना लेला. फेव्हरिट (सर्वांत कमी भावाचा घोडा) आणि दुसऱ्या क्रमांकाचा घोडा, एवढ्यावर शिकायला भरपूर आहे.

शिवाय कमिशन. खात्याच्या योजनेप्रमाणे दर वेगळा असतो, मी ५ टक्के धरून चालतो. ते बाजारातल्या निव्वळ नफ्यावर कापलं जातं, तोट्यावर काही परत येत नाही. नफा आणि तोटा अगदी सारख्या मापाचे असले तरी त्यामुळे नुसतं बरोबरीत सुटायला शंभरातले ५१ पेक्षा थोडे जास्त सौदे जिंकावे लागतात.

तिसरी पायरी: शिरण्याआधी बाहेरचा भाव लिहा

५०० च्या बँकेवर स्टेक ५० पौंड, म्हणजे बँकेचा दहावा भाग. हा माझा नियम आहे, आणि नवख्याने यापेक्षा वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ३.५० ला ५० बॅक, पाच टिका उलट गेल्यावर ३.७५ ला बाहेर: तोटा ३.३३ पौंड, बँकेच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. असे तोटे महिनाभर खाल्ले तरी माणूस बाजारात टिकतो.

बाहेरचा भाव कागदावर लिहा, पेनाने. मी टेबलावर साधी शंभरपानी वही ठेवतो आणि सौद्याआधी तीनच गोष्टी लिहितो: शिरण्याचा भाव, नफ्याचा भाव, पळण्याचा भाव. मनात ठरवलेला भाव दोन टिका गेल्या की आपोआप सरकतो. कागदावरचा सरकवायला खोडावा लागतो, आणि खोडताना आपण काय करतोय ते दिसतं.

सॉफ्टवेअरमधला स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला सौदा आपोआप बंद करणारी सोय, जरूर लावा, पण त्यावर सगळा भार टाकू नका. तो बहुतेक वेळा तुमच्याच कॉम्प्युटरवरून चालतो. वायफाय गेलं की स्टॉपही गेला. बाजार झपाट्याने सरकत असेल तर ठरलेल्या भावाला समोर पैसेच नसतात आणि दोन-तीन टिका पुढे जाऊन सौदा बंद होतो. मोबाइलवर, घरच्या वायफायवर नव्हे तर मोबाइल डेटावर, ॲप उघडून लॉगिन करून ठेवा. वर्षातून दोनदाच लागेल, पण तेव्हा बँक वाचवेल.

आणि शिरल्यावर काहीच घडत नसेल, भाव जिथल्या तिथे असेल, तर त्याच भावाला बाहेर पडा. याला स्क्रॅच म्हणतात. नवख्याला वाटतं वेळ वाया गेला. माझ्या चांगल्या महिन्यांत सर्वांत जास्त सौदे स्क्रॅचचेच असतात.

चौथी पायरी: घोडे सुटायच्या आत मोकळे व्हा

माझी पहिली बँक जिथे बुडाली ती जागा दाखवतो. फेब्रुवारीतला बुधवार, संध्याकाळची सहा फर्लांगांची शर्यत, ऑल-वेदर ट्रॅक. फेव्हरिट ३.५० ला, मी ५० पौंड बॅक केले. भाव ३.४५ झाला, मला आणखी हवं होतं. मग ३.५५. ३.६०. ३.७०. पळण्याचा भाव ३.७५ होता, तो आला आणि गेला. मी काय केलं? ३.५० वर लेची ऑर्डर लावून बसलो, निदान मूळ भावाला तरी सुटू म्हणून. माउसवर बोट होतं, टीव्हीवर शेवटचा घोडा गेटात घेत होते. अचानक लॅडर करडा पडला: सस्पेंडेड. काही क्षणांनी बाजार इन-प्ले, म्हणजे शर्यत चालू असताना, उघडला. माझी ३.५० ची ले ऑर्डर रद्द झालेली, बॅक मात्र जिवंत. घोडा चौथा आला. ५० पौंड गेले.

यात यंत्राचा काहीही दोष नव्हता. शर्यत सुटली की न जुळलेल्या ऑर्डरी एक्स्चेंज रद्द करतं, ‘कीप’चा, म्हणजे ऑर्डर पुढे चालू ठेवण्याचा, पर्याय निवडलेला नसेल तर. जुळलेली पैज जागेवर राहते. म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा काढून घेतला जातो आणि तुम्ही आत. ३.३३ पौंडांचा ठरलेला तोटा ५० चा झाला, १५ पट. एवढा तोटा भरून काढायला मला ठरल्याप्रमाणे वागलेले पंचवीस-तीस चांगले सौदे लागले असते. मी ते केले नाहीत. पुढच्याच शर्यतीत १०० लावले.

म्हणून नियम: छापील वेळेच्या एक मिनिट आधी सौदा बंद, भाव कुठेही असो. शर्यती बऱ्याचदा मिनिट-दोन मिनिटं उशिरा सुटतात, आणि ‘अजून वेळ आहे’ हा मोह तिथेच होतो. टीव्हीचं चित्र खऱ्या मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, त्यामुळे पडद्यावर घोडे उभे दिसत असताना ते सुटलेलेही असू शकतात. अडथळ्यांच्या शर्यतीत गेट नसतं. घोडे गोल फिरत असतात, रांग जुळली की टेप सुटते आणि झालं. अशा शर्यतींत मी एकऐवजी दोन मिनिटं आधी निघतो.

तरीही अडकलात तर? लगेच, त्या क्षणीच्या भावाला, तोटा वाटून बाहेर पडा. इन-प्लेमध्ये प्रत्येक ऑर्डर एक्स्चेंज मुद्दाम सेकंदभर किंवा त्याहून जास्त रोखून धरतं. पाच फर्लांगांची शर्यत साधारण एका मिनिटात संपते. विचार करायला जागा नाही. ‘घोडा बरा पळतोय, बघू’ म्हणालात की तुम्ही ट्रेडर राहिला नाहीत, पैज लावणारे झालात, आणि तीही मनाविरुद्ध लावलेली पैज.

एखादा घोडा ऐनवेळी गेटात जायला नकार देतो आणि शर्यतीतून काढला जातो. तेव्हा बाजार थांबतो आणि जुळलेल्या भावांवर रिडक्शन फॅक्टर लागतो, म्हणजे तुमचा ५ चा भाव ५ राहत नाही. असं झालं तर जुना पळण्याचा भाव निरर्थक ठरतो. बाजार उघडताच बाहेर या.

पाचवी पायरी: दिवसाची मर्यादा

तीन पूर्ण तोटे झाले की त्या दिवशी लॅपटॉप बंद. आपल्या हिशेबात ते १० पौंड, बँकेचे २ टक्के. ही रक्कम क्षुल्लक वाटते, आणि तशीच वाटायला हवी.

सलग तोटे येणारच, ते गणितातच आहे. शंभरातले ६० सौदे जिंकणारा माणूसही ३०० सौद्यांत एकदा तरी सलग पाच हरण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर असते. आता त्या पाचांत दर वेळी स्टेक दुप्पट करणाऱ्याचं काय होतं ते बघा. ५०, १००, २००, ४००: चार तोट्यांत ठरल्याप्रमाणे बाहेर पडूनही ५० पौंड गेले. पाचव्यांदा ८०० लावायचे आहेत आणि खात्यात ४५० उरलेत. दुप्पट करत वसूल करायची पद्धत पाचव्या पायरीवर स्वतःच्याच वजनाने मोडते, घोड्याने काही करायचीही गरज नसते.

वसुलीचं दुसरं गणितही ध्यानात ठेवा. बँक १० टक्के घटली तर पूर्वपदाला यायला ११ टक्के कमवावे लागतात. २० टक्के घटली तर २५. निम्मी झाली तर उरलेली दुप्पट करावी लागते. म्हणून मी सुरुवातीच्या दहा टक्क्यांवरच जिवापाड पहारा देतो.

तोट्यानंतर पुढची शर्यत सोडायची, हीसुद्धा सवय लावा. ब्रिटनमध्ये एकाच दुपारी तीन-चार मैदानांवर शर्यती असतात, दर पाच-दहा मिनिटांनी नवा बाजार उघडतो. शेअर बाजार संध्याकाळी बंद होऊन तुम्हाला घरी पाठवतो, इथे तसं कुणी पाठवत नाही. उठून चहा टाका, पंधरा मिनिटं खिडकीबाहेर बघा. मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या मोठ्या रेस-महोत्सवाचे चार दिवस आणि २८ शर्यती येतात, तेव्हा बाजारात पैशाचा पूर असतो आणि स्टेक वाढवायला हात शिवशिवतात. तेव्हाही ५० म्हणजे ५०च.

सहावी पायरी: वही

सौदा संपल्यावर त्याच ओळीत पुढे लिहायचं: मैदान, वेळ, ठरलेला तोटा, झालेला तोटा किंवा नफा, आणि बाहेर पडण्याचं कारण तीन-चार शब्दांत. माझ्या वहीतली एक ओळ अशी: ‘केम्प्टन, ७.३०, बॅक ३.५०, पळ ३.७५, ठरलेला ३.३३, झालेला ३.३३, भाव सरकत गेला, वेळेत निघालो.’ या ओळीसमोर मी बरोबरची खूण करतो. तोटा झाला, पण सौदा चांगला होता. उलट ठरलेला ३.३३ आणि झालेला नफा ४ असेल, पण पळण्याचा भाव ओलांडून थांबल्यावर नशिबाने भाव परत आलेला असेल, तर फुली. त्या फुल्याच पुढे ५० पौंडांच्या होतात.

महिन्याअखेरीला सरासरी नफा आणि सरासरी तोटा वेगळे काढा. माझ्या पहिल्या वहीत जिंकलेल्या सौद्याला सरासरी १.२० आणि हरलेल्याला २.४० होते. दहा सौद्यांत सहा जिंकलो: ७.२०, कमिशन जाऊन ६.८४. चार हरलो: ९.६०. दर दहा सौद्यांमागे पावणेतीन पौंड जात होते, आणि मला रोज वाटायचं की आपण जिंकतोय, कारण दहात सहा वेळा आनंद व्हायचा. सरासरी तोटा सरासरी नफ्याच्या जवळ आणणं, पहिल्या तीन महिन्यांत दुसरं काहीही साधायचं नाही.

स्टेक कधी वाढवायचा? बँक ६०० झाली आणि मागच्या शंभर सौद्यांत फुल्या पाचाच्या आत असल्या, तर ६०. दोन्ही अटी हव्यात. बँक ४०० वर आली तर स्टेक ४०, तिथे दुसरी अट नाही आणि वाटही बघायची नाही. बदल फक्त महिन्याच्या पहिल्या तारखेला, शर्यतींच्या मधे कधीच नाही.

शेवटी, जे पाळायला सगळ्यात अवघड आहे ते. घरच्यांपासून आकडे लपवायला लागलात, मर्यादा वाढवण्याची कारणं शोधायला लागलात, कामाच्या वेळेत संडासात बसून लॅडर बघायला लागलात, तर वरचं एकही गणित उपयोगाचं नाही. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप ही मोफत सोय आहे. तिथे नाव नोंदवलं की ब्रिटनच्या परवान्यावर चालणाऱ्या सगळ्या ऑनलाइन कंपन्या तुम्हाला सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं खेळू देत नाहीत, आणि निवडलेली मुदत संपेपर्यंत ते मागे घेता येत नाही. नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइनचा नंबर ०८०८ ८०२० १३३, चोवीस तास, फोन फुकट. वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या सौद्याच्या आधी, तो लिहून ठेवा. माझ्या वहीत तो तिथेच आहे.